आघाडीत जा, पण सही कशावर करताय ते बघा

आघाडीचा विषय निघाला की आपली पोरं लगेच फुटतात. एक म्हणतो, डाव्यांत मिसळा. दुसरा म्हणतो, त्यांच्या सावलीलापण उभं राहू नका. मला दोन्ही पटत नाही. म्हणून युरोपातल्या एका चिमुकल्या मुलखाचं सांगतो. स्लोव्हेनियाचं.

एप्रिल १९४१. हिटलर, मुसोलिनी आणि हंगेरीवाले, तिघांनी स्लोव्हेन मुलूख भाकरीसारखा तोडून वाटून घेतला. त्याच महिन्यात ल्युब्लियाना शहरात मुक्ती आघाडी उभी राहिली. कम्युनिस्ट, ख्रिस्ती समाजवादी, सोकोल या व्यायाम संघटनेतले डावे आणि लेखक-कलावंत. फेब्रुवारी १९४२ मध्ये इटालियनांनी अख्ख्या शहराला काटेरी तार ठोकली. तारेच्या आतसुद्धा आघाडी जिती राहिली. या माणसांच्या छातीला आपला सलाम.

पण वरचं यंत्र बघा. १६ सप्टेंबर १९४१ ला आघाडीच्या वरच्या मंडळानं स्वतःलाच राष्ट्रीय मुक्ती समिती म्हणून जाहीर केलं. स्लोव्हेन जनतेच्या वतीनं बोलणार ते आम्हीच. आघाडीबाहेर कुणी लढ्याची ताकद जमवली तर गुन्हा, शिक्षा मौतीपर्यंत. गुप्त सुरक्षा दल होतं, ते कम्युनिस्टांच्या हातात. म्हणजे मोर्चात चार झेंडे, पण पिस्तुलाच्या घोड्यावर बोट एकाचंच.

१ मार्च १९४३ ला डोलोमाइट जाहीरनामा झाला. ख्रिस्ती समाजवादी आणि सोकोलवाल्यांनी लिहून दिलं : नेतृत्व कम्युनिस्ट पक्षाचं, आम्ही आमचे वेगळे पक्ष काढणार नाही. शत्रू दारात असताना भांडायचं कशाला, असा तो हिशेब. मला हा हिशेब कळतो. मान्य मात्र नाही.

सहा महिन्यांनी इटली कोसळली. ऑक्टोबर १९४३ मध्ये कोचेव्ये गावात निवडून आलेले ५७२ प्रतिनिधी जमले. भर युद्धात! त्यांनी १२० जणांचं मंडळ निवडलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये चेर्नोमेल इथं त्याचं राष्ट्रीय मुक्ती परिषद असं नामकरण झालं, मे १९४५ मध्ये त्यातूनच सरकार निघालं. मतदान खोटं नव्हतं. पण मत पडायच्या आधीच मित्रांनी हात बांधून दिले होते, त्याचं काय?

इथं सनातनी मंडळींनी टाळ्या पिटू नयेत. पलीकडच्या कॅथलिक पुढाऱ्यांचे डोमोब्रान्त्सी २० एप्रिल १९४४ ला, हिटलरच्या वाढदिवशी, ल्युब्लियानाच्या मैदानात जर्मनांसोबत लढायची शपथ घेत होते. त्यांचा कैवार मी घेणार नाही.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. स्वतंत्र मजूर पक्ष मात्र कुणाच्या खिशात घातला नाही. संप संपला, पक्ष शिल्लक होता.

सही करणाऱ्यांत ख्रिस्ती समाजवादी कवी एद्वार्द कोत्सबेक होता. युद्धानंतर मंत्रीही झाला. १९५१ मध्ये त्यानं पार्टिझनांच्या मनातल्या घालमेलीवर कथा लिहिल्या, तर त्याला सार्वजनिक जीवनातून हाकललं. पाठीशी उभं राहायला स्वतःची संघटना होती कुठं? ती तर १९४३ मध्येच लिहून दिलेली. इंग्रजांनी परत पाठवलेल्या हजारो डोमोब्रान्त्सींना १९४५ मध्ये खटल्याशिवाय मारलं गेलं. त्याबद्दल तो १९७५ मध्ये उघड बोलला. तेही आपल्या देशात छापता आलं नाही. ते छापलं त्रिएस्तच्या स्लोव्हेन लेखकांनी, सीमेपलीकडे, इटलीत.