कॉल साइनला आडनाव नसते

हॅम रेडिओ म्हटले की 'हा पैसेवाल्यांचा छंद' असे म्हणून आपले तरुण बाजूला होतात. हा गैरसमज दूर झाला पाहिजे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला तडाखा दिला, दूरध्वनी बंद पडले. भारती प्रसाद या महिला हॅम तेव्हा सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. छंदासाठी नेलेल्या यंत्रावरूनच त्यांनी बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवला, अडकलेल्यांचे निरोप नातेवाइकांपर्यंत पोहोचवले. पुरात आणि भूकंपात आपली वस्ती प्रशासनाला सर्वांत शेवटी आठवते. म्हणून हा विषय आपलाही आहे.

कायदा काय सांगतो? १९७८ च्या नियमांनी घातलेली चौकट अशी: भारतीय नागरिकत्व हवे, वय किमान १२ वर्षे हवे. पदवीची अट नाही. रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम यांची लेखी परीक्षा होते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरलला लागते. पास झाल्यावर परवाना आणि कॉल साइन मिळते. रिस्ट्रिक्टेडची 'व्हीयू-३' ने सुरू होते, जनरलची 'व्हीयू-२' ने. आडनावावरून माणूस तोलणाऱ्या या देशात हॅमला कॉल साइन आणि पहिले नाव एवढीच ओळख पुरते.

मग अडते कुठे? वाट दाखवणारा नसतो तिथे. ज्यांच्या घरात माहिती, त्यांचीच मुले क्लबात जातात. वास्तविक क्लब हाच खरा दरवाजा आहे. तिथे जुने हॅम ओहमचा नियम समजावतात, अँटेना बांधायला शिकवतात, परीक्षेचा अर्ज भरून घेतात. स्वतःचा सेट नसला तरी अभ्यास अडत नाही. क्लबच्या सेटवर कान देऊन बसा, निम्मे शिक्षण तिथेच होते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे गुन्हा आहे. स्वस्त हँडसेट मिळाला म्हणून बोलायला लागू नका. आणि धंद्याचा निरोप, गाणी, राजकीय प्रचार या लहरींवर चालत नाही, आपलाही नाही.

वसतिगृहांच्या आणि विहारांतील अभ्यासिकांच्या चालकांना माझे सांगणे आहे, पाच विद्यार्थी निवडा, त्यात दोन मुली असू द्या. जवळच्या क्लबातील हॅमना रविवारी शिकवायला बोलवा. अर्ज एकत्र भरा. कायद्याने उघडे ठेवलेले दार आपण ढकललेच नाही, तर दोष कायद्याला देता येणार नाही.