एल्फिन्स्टनची निवृत्ती आणि आपला इतिहास

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन म्हटलं की आपल्याला पेशवाईचा शेवट आठवतो. १८०९ मध्ये फारसी जाणणारा हा तरुण वकील पेशावरला शाह शुजाच्या दरबारात गेला. १८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट होता, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. निरोपाच्या वेळी मुंबईकरांनी वर्गणी जमवली, तिच्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं.

मला मात्र त्याची निवृत्ती जास्त महत्त्वाची वाटते. गव्हर्नर जनरलचं पद दोनदा नाकारून तो इंग्लंडात पुस्तकांत रमला आणि १८४१ मध्ये त्याचा भारताचा इतिहास निघाला. त्यात कालखंड दोन: हिंदू आणि मुसलमानी. जेम्स मिलपेक्षा त्याची लेखणी कितीतरी समंजस आहे, अकबराचं त्याने कौतुकच केलं आहे. पण राज्यकर्त्याच्या धर्मावरून काळाला नाव द्यायची रीत पक्की व्हायला या पुस्तकाचाही हातभार लागला. त्याने केलेले तह केव्हाच संपले, ही वाटणी टिकली.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना ती मला टोचते. कागद, जमीन, वसूल हे मराठी शब्द कुठल्या कालखंडात टाकायचे? मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद कुठे बसवायचे? आमच्या मोऱ्याच्या लाँचमध्येही उतारू धर्म बघून बसत नाहीत.

शिक्षकांनी फळ्यावर यादवकाळ, बहमनीकाळ, आदिलशाही, मराठेशाही असं लिहावं. त्याला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही.