अभिजात साहित्य : सक्ती कोणावर?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिनंदनाचे ठराव झाले, सत्कार झाले, भाषणांतून 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांची नावे आदराने घेतली गेली. मात्र ज्या ग्रंथांच्या जोरावर आपण हा दर्जा मागितला, ते शाळेत मुलांनी वाचलेच पाहिजेत काय, या प्रश्नावर आपले एकमत नाही.

सक्तीविरुद्धचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची. सात शतकांपूर्वीची ती भाषा आजच्या आठवीतल्या मुलाला परकी वाटणारच. पण ही अडचण काही आजची नाही. एकनाथांनी १५८४ साली 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण तोवर पाठात अशुद्धे शिरली होती. जुना ग्रंथ दर पिढीला कुणीतरी समजावून द्यावाच लागतो. ते काम शाळेने टाकले तर करायचे कोणी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभिजात काय, हे ठरवतो कोण? परशुराम बल्लाळ गोडबोले यांचे 'नवनीत' हे जुन्या कवितेच्या वेच्यांचे पुस्तक १८५४ साली निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून शिकवले गेले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याला मात्र शाळेच्या दारात फार काळ ताटकळावे लागले. पाठ्यक्रमाची यादी करणाऱ्याची जात, वर्ग आणि दृष्टी त्या यादीत उतरते, हे मान्य केलेच पाहिजे. पण म्हणून यादीच फाडून टाकायची काय? मोरोपंतांच्या शेजारी शाहिरांना बसवा, जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणा, ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची 'स्त्रीपुरुष तुलना' आणा. मुलांना परंपरेबरोबर परंपरेतले भांडणही कळू द्या.

सक्ती उठवली तर नुकसान कोणाचे, हेही पाहायला हवे. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, त्या मुलाचे फारसे बिघडणार नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद येत नाही, तिथल्या मुलीला हे साहित्य भेटण्याची जागा म्हणजे शाळा. अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही शतकानुशतके तुकोबा कानांनी मिळवला, भजनात, कीर्तनात, दिंडीत. तो धागा आज प्रत्येक घरात उरलेला नाही. अशा वेळी 'ज्याला आवडेल तो वाचेल' असे म्हणणे म्हणजे सर्वांच्या मालकीचा ठेवा मूठभरांच्या हवाली करणे होय.

मात्र आज वर्गात जे चालते, त्यालाच सक्तीचे समर्थन समजू नये. एखादा अभंग, चार ओव्या, खाली शब्दार्थ, कृतिपत्रिकेतले ठरावीक प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे, एवढ्यावर काम भागते. 'नवनीत' म्हटले की आजच्या विद्यार्थ्याला गोडबोले आठवत नाहीत, गाईड आठवते! २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, हे योग्यच झाले. पण विषय सक्तीचा करता येतो, गोडी तशी लावता येत नाही.

म्हणून सक्ती हवी, पण ती आधी शाळेवर आणि मग मुलावर. सातवीपासून दरवर्षी एकाच ग्रंथाचा सलग भाग घ्यावा, सोबत आजच्या मराठीत अर्थ द्यावा. तो वर्गात मोठ्याने वाचला जावा, कारण ओवी आणि अभंग मुळात ऐकायचे आहेत. न पटलेले बोलून दाखवायची मुलांना मुभा असावी. गुणांचा हिशेब त्यानंतर करता येईल. आणि शिकवणाऱ्याने तो ग्रंथ स्वतः वाचलेला असावा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आज यासाठी जेवढा वेळ द्याल, तेवढेच उद्या वर्गात उतरेल.

ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यासाठी ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. त्यांचीच मराठी उद्या मराठी मुलांना संस्कृतइतकी दूरची झाली, तर दिल्लीने दिलेला दर्जा आपण कोणाला दाखवणार?