नाव ठेवा, नावे ठेवू नका

गेल्या वर्षी आमच्या घरात नातू झाला. सातव्या दिवशी अकीका ठरला आणि नावाचा विषय निघाला. आमच्या अम्मीने, म्हणजे बाळाच्या पणजीने, एकच नाव सुचवले : दस्तगीर. तिच्या सासऱ्याचे, आमच्या आजोबांचे नाव. बैठकीत क्षणभर कोणी बोलेना. सूनबाई कसनुसे हसली. मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून बसला. अलीकडे दीनी किताबे वाचू लागलेला आमचा पुतण्या म्हणाला, "दादी, ये नाम अब कोई नइं रखते." शेवटी बाळाचे नाव अयान ठेवले गेले. अम्मीने बाळाला मांडीवर घेतले आणि विषय संपला.

आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. आमच्या लहानपणी गल्लीत तीन दस्तगीर होते. एक शिकलगार, एक तांबोळी, एक आमचे आजोबा. कोणी 'दस्तगीरचाचा' म्हणून हाक मारली की तिघेही वळून पाहत. आज त्या गल्लीतल्या पोरांत एकही दस्तगीर नाही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर पट्ट्यातल्या आमच्या वाचकांनी आपापल्या मोहल्ल्यात एकदा पाहावे. कबरस्तानातल्या पाट्यांवर हे नाव सापडेल, बालवाडीच्या हजेरीपटावर सापडेल असे वाटत नाही.

नावे बदलतात, हे आम्हालाही कळते. प्रत्येक पिढीचा कान वेगळा असतो. आमची तक्रार बदलाबद्दल नाही. ज्या कारणांनी हे नाव आपण टाकले, त्या कारणांबद्दल आहे. ती कारणे तीन. दोन उघड बोलली जातात, तिसरे कोणी बोलत नाही.

आधी नावाचा अर्थ पाहू, कारण तो माहीत नसतानाच नाव फेकले गेले आहे. 'दस्त' म्हणजे हात, 'गीर' म्हणजे धरणारा. दस्तगीर म्हणजे पडत्याचा हात धरणारा. शब्द फारसी. बगदादचे सूफी हजरत अब्दुल कादिर जिलानी यांना लोकांनी प्रेमाने दिलेली ही उपाधी आहे. ते कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातले, म्हणून जिलानी. त्यांचा इंतकाल 1166 साली झाला. त्यांच्या कादरी सिलसिल्याचे सूफी आदिलशाहीच्या काळात विजापुरात येऊन राहिले आणि दख्खनच्या गावागावांत रबी-उस-सानीच्या अकराव्या तारखेची ग्यारवी होऊ लागली. दस्तगीर, जिलानी, गौस, कादर, मोहियोद्दीन, महेबूब सुभानी ही सारी नावे त्या एकाच बुजुर्गाशी जोडलेली आहेत. मिरजेपासून रायचूर, कर्नूलपर्यंत विणकर, पिंजारी, मुलाणी, अत्तार अशा कष्टकरी घरांत ती रुजली. हा आपला लिहून न ठेवलेला इतिहास आहे. आपल्या पूर्वजांनी बखरी लिहिल्या नाहीत, त्यांनी पोरांची नावे ठेवली.

आता पहिले कारण : नाव जुनाट आहे, पोरे हसतात. खरे आहे. आमच्या एका चुलतभावाचे नाव दस्तगीर. शाळेत हिंदीच्या तासाला 'दस्त' म्हणजे जुलाब हा अर्थ कोणाला तरी सापडला आणि बिचाऱ्याची दहावीपर्यंत सुटका झाली नाही. वर्गावरचे गुरुजीही हसण्यात सामील होते. पण त्यांनी एकदा फळ्यावर 'दस्तऐवज' लिहिला असता तर? दस्तऐवज, दस्तखत, जबरदस्त या रोजच्या मराठी शब्दांत तोच हात आहे. जहागीर आणि दिलगीर या शब्दांत तोच 'गीर' आहे. मंत्रिमहोदय विधानसभेत 'दिलगिरी' व्यक्त करतात तेव्हा कोणी हसत नाही. आमच्या पोराच्या नावातला तोच तुकडा ऐकून मात्र हसू येते! याहून पुढची गोष्ट सांगायची तर संस्कृतातला 'हस्त' आणि फारसीतला 'दस्त' ही एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. 'ग्रह' म्हणजे धरणे या धातूचे आणि 'गीर'चे नातेही तसेच सख्ख्या भावंडांचे आहे. दस्तगीर म्हणजे अक्षरशः हस्त ग्रहण करणारा. ज्यांना हे नाव परके वाटते त्यांनी पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार यांची आठवण ठेवावी. सोलापूर जिल्ह्यातल्या या माणसाने आयुष्यभर संस्कृतची सेवा केली आणि 2021 साली ते गेले. संस्कृतच्या विद्वानांपुढे उभे राहताना त्यांना आपले नाव बदलावेसे वाटले नाही.

दुसरे कारण दीनाचे. पुतण्याचे म्हणणे असे की हे नाव अरबी नाही, आणि हात धरणारा फक्त अल्लाह आहे. पहिल्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे. नमाज, रोजा, पैगंबर, फरिश्ता हे सगळे शब्द फारसी आहेत. फारसी टाकायची तर मग कुठपर्यंत टाकायची? हजरत उमर, हजरत हमजा, हजरत खालिद यांची नावे त्यांनी इस्लाम कबूल करण्याआधीचीच होती आणि ती तशीच राहिली. रसूलुल्लाहनी वाईट अर्थाची नावे बदलली. 'आसिया', म्हणजे आज्ञा मोडणारी, अशा अर्थाचे नाव असलेल्या बाईला त्यांनी 'जमीला' हे नाव दिले. म्हणजे कसोटी अर्थाची आहे, भाषेची नाही. दुसरा मुद्दा गंभीर आहे आणि आम्ही तो झटकत नाही. मदत मागायची ती फक्त अल्लाहकडे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बुजुर्गांच्या वसिल्याबद्दल आणि 'गुलाम' जोडून ठेवलेल्या नावांबद्दल आलिमांत मतभेद आहेत; ते या पानावर मिटणार नाहीत. ज्याला 'गुलाम' खटकतो त्याने तो जोडू नये. पण पोराचे नाव नुसते दस्तगीर ठेवले तर त्यात शिर्क कुठून आला? 'बाळा, तू लोकांना हात देणारा हो' एवढीच त्यात इच्छा आहे. नेकीच्या कामात एकमेकांना मदत करण्याचा हुकूम तर कुरआनचाच आहे.

आणि ज्यांच्या बाजूने हा आग्रह धरला जातो त्या नावांचे काय? बाजारात मिळणाऱ्या 'इस्लामी नावां'च्या पुस्तकांत 'अयान'चा अर्थ 'अल्लाहची देणगी' असा छापलेला असतो. अरबी आणि उर्दूत अयान म्हणजे उघड, डोळ्यांसमोर स्पष्ट दिसणारे. 'झोया' हे नाव मूळ ग्रीक, अर्थ जीवन. रशियातल्या ख्रिस्ती घरांत ते जुन्या काळापासून चालत आले आहे. दोन्ही नावे गोड आहेत. आमचा अयान आमच्या डोळ्यांचा तारा आहे आणि त्याच्या नावाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ग्रीक झोया खपते आणि फारसी दस्तगीर खपत नाही, तेव्हा प्रश्न दीनाचा राहत नाही. तो आपल्या आजाआजींची लाज वाटण्याचा होतो.

आता तिसरे कारण. ते आमच्या मुलाने त्या रात्री अंगणात एकटे असताना सांगितले. "अब्बा, नाव सांगितल्याबरोबर समोरच्याचा चेहरा बदलतो. निदान पोराच्या बाबतीत एक-दोन क्षण तरी मिळावेत." तो पुण्यात नोकरी करतो. भाड्याच्या घरासाठी त्याने किती उंबरे झिजवले ते आम्हाला माहीत आहे. म्हणून त्याला आम्ही दोष देत नाही. अयान, समीर, कबीर, सारा, आलिया अशी कोणत्याही घरात शोभणारी नावे निवडण्यामागे पुष्कळदा हीच धडपड असते. शहाण्यासुरत्या बापाने पोराला थोडी सावली शोधावी, यात गैर काय?

पण ही सावली किती वेळ टिकते? फाटकावरचा माणूस 'अयान' ऐकून थांबत नाही. तो विचारतो, 'पूर्ण नाव?' बापाचे नाव येते, आडनाव येते, आणि चेहरा जिथे बदलायचा तिथे बदलतोच. नाव मऊ केल्याने समोरच्याचा दुजाभाव मऊ होत नाही. उलट आपल्याच घरात एक चुकीचा धडा जातो की दोष आपल्या नावात होता. दोष घर नाकारणाऱ्याचा आहे, आजोबांच्या नावाचा नाही. त्याच्याशी भांडायचे ते संविधानाने दिलेल्या हक्काने, आपल्या पूर्ण नावाची सही करून. त्या भांडणाची किंमत अम्मीकडून वसूल करू नका.

या नावाचा एक माणूस सगळ्यांना माहीत असायला हवा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळ रेल्वे स्थानकावर उपस्थानक अधीक्षक म्हणून गुलाम दस्तगीर कामावर होते. युनियन कार्बाइडचा विषारी वायू फलाटावर पसरत होता आणि प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. नियमाप्रमाणे सुटायला अजून अवकाश होता. त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन गाडी वेळेआधी सोडायला लावली आणि स्वतः मागे राहून तडफडणाऱ्यांच्या मदतीला धावले. त्या वायूने त्यांच्या घरावर आणि देहावर घाला घातला. 2003 साली ते गेले. त्या गाडीत कोणकोणत्या नावांची माणसे होती, हे त्यांनी विचारले नव्हते.

आमचे मागणे थोडे आहे. घरात पाळणा हलेल तेव्हा पुस्तक उघडण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. तिच्याकडून मागच्या चार पिढ्यांची नावे लिहून घ्या : बंदेनवाज, मीरासाहेब, चाँदबी, हिराबी, जी असतील ती. त्यांचे अर्थ शोधा, पोरांना सांगा. मग खुशाल वेगळे नाव ठेवा. पण नकार द्यायचा तर ओळखून द्या. हसून किंवा घाबरून देऊ नका.

आमचा अयान आता चालायला शिकतो आहे. अम्मी त्याचे बोट धरून अंगणात फिरवते आणि त्याला 'दस्तू' म्हणते. सूनबाईने सुरुवातीला एकदा टोकले, आता टोकत नाही. पोरगा दोन्ही नावांना वळून पाहतो.