आकडा वाढला म्हणजे अपग्रेड झालं?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. व्हर्जनचा आकडा वाढला की वस्तू सुधारली, असं आपण धरूनच चालतो. हीच खोड घेऊन जुन्या अमेरिकन चांदीच्या नाण्यांच्या नादाला लागलात, तर मात्र वाट लागते. खिशाची तर लागतेच, पण नाण्यांचीही लागते.

जुनी म्हणजे किती? १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टाकसाळ सुरू झाली, तिथल्या पहिल्या काही दशकांतली. १७९४ चे डॉलर फक्त १,७५८ पाडले गेले आणि त्यातला एक २०१३ साली १ कोटी डॉलरच्या वर गेला. तो आपण सोडून देऊ :)

पगारदार माणसाला परवडेल असा प्रकार म्हणजे 'कॅप्ड बस्ट' हाफ डॉलर, १८०७ ते १८३६. टाकसाळीला आग लागल्यामुळे १८१६ साल रिकामं, म्हणजे एकूण २९ सालं. त्यातलं १८१५ तेवढं महाग, कारण नाणी फक्त ४७,१५०. बाकीची आजही बऱ्या अवस्थेत मिळतात. १८०४ मध्ये डॉलर पाडणं थांबलं, त्यामुळे पुढची तीसेक वर्षं हाफ डॉलर हेच सगळ्यात मोठं चांदीचं नाणं होतं. बँका ते थैल्यांत भरून ठेवायच्या, बाजारात फारसं फिरायचंच नाही.

संच पूर्ण झाला की सुरू होतं अपग्रेड. १९४९ मध्ये शेल्डनने तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली, ती पुढे सगळ्याच नाण्यांना लागली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी नाणं प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून त्यावर आकडा छापायला सुरुवात केली. ५८ म्हणजे अगदी किंचित झीज, ६० च्या पुढे झीजच नाही. म्हणून ५८ विकून ६१ घ्यायचं. बरोबर ना?

नेहमीच नाही. ५८ वालं नाणं पुष्कळदा देखणं असतं, राखाडी-निळसर छटेखाली मूळची चमक जिवंत असते. ६१ वाल्यावर झीज नाही खरी, पण ओरखडे भरपूर. आणि ते पांढरंफटक असेल तर बहुधा कधीतरी 'डिप' केलेलं असतं. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. डिपमधलं आम्ल तो थर विरघळवतं आणि सोबत थोडी चांदीही नेतं. ठसा बसताना धातू सरकून उठलेल्या ज्या बारीक रेषांमुळे नाणं चमकतं, त्याच आधी जातात. इथे अनडू नाही आणि बॅकअपही नाही.

आपल्या घरात चांदी काळी पडली की घासून लख्ख करायची, हा संस्कारच आहे. निरांजनाला तो ठीक आहे. नाण्याचं मात्र ते कातडं सोलणं होतं.

उलट १७९० च्या दशकातल्या काही नाण्यांवर कानशीच्या रेघा दिसतात. चकती वजनाला जास्त भरली तर टाकसाळीतले कामगार ती कानसून मग ठसा मारायचे. नवखा माणूस त्याला दोष म्हणतो आणि फडक्याने चमकवलेलं नाणं हौसेने घेतो! पण ती रेघ टाकसाळीची आहे, फडक्याचे ओरखडे नंतरच्या कुणाचे तरी.

"पण विकताना किंमत आकड्यालाच येते ना?" येते, मान्य. पण २००७ पासून सीएसी ही कंपनी ग्रेड झालेली नाणी पुन्हा तपासते आणि पटलं तरच हिरवं स्टिकर लावते. त्या स्टिकरसाठी लोक जास्त पैसे मोजतात. नुसता आकडा पुरत नाही, हे बाजारानेच कबूल केलंय की.

म्हणून माझं मत सरळ आहे. नवं-जुनं दोन्ही एकाच दिव्याखाली ठेवा, लेबलं झाका आणि बघा. नवं जास्त आवडलं तरच जुनं विका. आपण पांढरंशुभ्र मागतो म्हणून कुणीतरी डिप करतं. दोनशे वर्षं कुणी हात लावला नाही अशी नाणी आता मोजकीच उरलीत, आणि ती वाढणार तर नाहीतच.

असो. उद्या सोमवार.