सोरायसिसचे संयुक्त मलम व आपले कर्तव्य

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. त्यांपैकी सोरायसिसचा रुग्ण सहा महिन्यांची बेगमी म्हणून मलमाच्या दोन-चार ट्यूबा सोबत नेतो, हे औषधविक्रेते बंधूंना सांगावयास नकोच.

कॅल्सिपोट्रिऑल व बीटामेथासोन यांचे संयुक्त मलम मुळीच वाईट नव्हे. पहिले त्वचापेशींची अतिवाढ रोखते, दुसरे दाह शमविते. दोहोंचा एकत्र गुण एकेकट्याहून अधिक. मात्र ते दिवसातून एकदा, सामान्यतः चार आठवडेच लावावयाचे असते. शिवाय 'चट्ट्याचे मलम' म्हणून मागितल्यावर हाती पडते ते बहुधा हे नसतेच. ती स्टिरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांची खिचडी असते! स्टिरॉइड मलमे २०१८ साली अनुसूची 'एच'मध्ये आली. चिठ्ठीविना ती देणे बेकायदेशीर आहे. कॅल्सिपोट्रिऑलसोबत सॅलिसिलिक आम्लाचे मलमही देऊ नये, त्याने ते निष्क्रिय होते.

आता आपल्याविषयी. एककुष्ठ वा किटिभ म्हणून आलेल्या रुग्णास प्रथम ट्यूब दाखवावयास सांगावे. 'इंग्रजी औषध आजपासून बंद' हे आपले आवडते वाक्य येथे घातक ठरते. प्रबळ स्टिरॉइड एकाएकी थांबल्यास व्याधी उसळतो, क्वचित अंगभर पूययुक्त पुटकुळ्या उठतात. अशा रुग्णास विनाविलंब अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे; त्यात आपल्या शास्त्रास कमीपणा नाही. टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक खोक्यावर फेरतपासणीची तारीख ठळक मराठीत लिहून द्यावी, ही विनंती.