‘नशीब काढून टाका’ म्हणणाऱ्यांस

ऑनलाइन डावपेचांच्या खेळांविषयी कुणी गांभीर्याने लिहू लागले की मराठी विभागांतील मंडळींच्या भुवया उंचावतात. उंचावू द्याव्यात. नियमांनी घडवलेले युद्ध हीसुद्धा एक संहिताच असते. तिच्यात कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला मुके ठेवायचे हे कुणीतरी आधी ठरवलेले असते. आपले विद्यार्थी ती रोज वाचतात. आपण तिला वाचन म्हणत नाही, इतकेच.

‘ट्रायबल वॉर्स’ हा २००३ साली जर्मनीत सुरू झालेला, ब्राउझरमध्ये खेळायचा खेळ. आरंभ एका खेड्यापासून. लाकूड, माती, लोखंड जमवायचे, भालेकरी आणि घोडदळ उभे करायचे, शेजारची गावे घ्यायची. इथे युद्ध डोळ्यांना दिसत नाही. सैन्य निघते, काही तासांनी पोचते आणि आकड्यांचा एक तक्ता हाती येतो. तो तक्ता हीच लढाई. ही लढाईची व्यवस्था सुधारावी अशी मागणी खेळाडू वर्षानुवर्षे करत आले आहेत आणि तिचा सूर बहुधा ठरलेला असतो: नशीब काढा, ‘मोराल’ काढा, ज्याचे कौशल्य त्याचाच विजय होऊ द्या. माझ्या मते रोग एकीकडे आहे आणि ही मंडळी औषध भलतीकडे लावत आहेत.

आधी नशीब. सर्वसाधारण नियमांनुसार हल्लेखोराच्या बळात उणे २५ पासून अधिक २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. तट वगैरे बाजूला ठेवून दोन्हीकडे शंभर-शंभर बळ धरले, तर नशीब पूर्ण फिरल्यावर हल्लेखोराचे सारे सैन्य मरते आणि बचाव करणारा सुमारे ६५ टक्के गमावतो. नशीब पूर्ण साथीला असेल तर गाव पडते, पण हल्लेखोराचेही जवळजवळ ७२ टक्के सैन्य कामी येते. म्हणजे बरोबरीच्या लढाईत दैव फक्त विजेता ठरवते. किंमत दोघांनाही मोजावीच लागते. ज्याला दैव नको आहे त्याने बरोबरीने लढायला जाऊ नये. हे कौशल्यच नव्हे काय?

युद्धखेळाच्या इतिहासातही या मागणीला फारसा आधार नाही. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी राइसविट्झने १८२४ साली जो ‘क्रीगश्पील’ सिद्ध केला, त्यात फासे होते. पुढे १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नोआ याने फासे आणि तक्ते दूर सारले, पण त्यांच्या जागी पंचाचा विवेक बसवला. अनिश्चितता कायम राहिली. आपल्याकडेही चौघांनी फाशांवर खेळायच्या चतुरंगाचे वर्णन अल्-बिरूनीने अकराव्या शतकात करून ठेवले आहे. बुद्धिबळाला युद्धाची शुद्ध प्रतिमा मानणाऱ्यांनी ही भावंडे विसरू नयेत.

‘मोराल’विषयीची तक्रार तर निव्वळ सरंजामी आहे. फार मोठ्या खेळाडूने लहानावर हल्ला केला की त्याचे बळ कमी धरले जाते, कमाल मर्यादेत ३० टक्क्यांपर्यंत खाली येते. ही म्हणे पराक्रमाला शिक्षा! ज्याच्यापाशी शंभर गावे आणि पाठीशी टोळी आहे, त्याने तीन गावांच्या नवख्याला तुडवण्यात पराक्रम कोणता, हे मात्र कुणी सांगत नाही. उलट या खेळाच्या मूळ सूत्रातच दुबळ्याची थोडी कदर आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ च्या पुस्तकात आधुनिक माऱ्याचा जो वर्गनियम मांडला, त्यानुसार दुप्पट बळाचा पक्ष जिंकताना जेमतेम १३ टक्के गमावतो. इथे तोच सुमारे ३५ टक्के गमावतो. हरणारा इथे आपली किंमत वसूल करून हरतो.

आणि ज्याच्या नावाने हा सारा आक्रोश चालला आहे, ते कौशल्य तरी काय असते? गाव जिंकायला ‘नोबल’ पाठवावे लागतात. गावाची निष्ठा शंभरावरून दर हल्ल्याला २० ते ३५ ने उतरते. म्हणून चार हल्ले एकापाठोपाठ, सेकंदाच्या अंशात पोचतील असे सोडायचे. बचाव करणाऱ्याने त्या फटीत आपली कुमक बरोबर घुसवायची. हे पहाटे तीन वाजता. यात बोटांची चपळाई आहे, गजराचे घड्याळ आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तासाला पेंगणारा विद्यार्थी आहे. रात्री बचावाचे बळ वाढवण्याची सोय काही जगांत केली गेली, ती याच लाजेपोटी असावी. नशीब काढले तर हे जागरण तेवढे निर्णायक उरेल.

खरा दोष कुठे आहे? हरलेल्याचा शेवटचा माणूससुद्धा मरतो, इथे. माघार नाही, पांगापांग नाही. हल्ला फसला आणि हेर वाचले नाहीत, तर अहवालात एवढेच कळते की कुणी परतले नाही, म्हणून शत्रूच्या सैन्याविषयी काही सांगता येत नाही. विजेत्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही बाजूंचे सारे आकडे. पराभूताला सैन्य गेल्याचे दुःख असतेच. पण त्याला आपल्या पराभवाची हकिकतही मिळत नाही. साहित्याच्या वाचकाला हे खटकायला हवे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्या शिबिराची कत्तल करतो, तरी धृष्टद्युम्नाचा सारथी वाचतो आणि युधिष्ठिराला वर्तमान कळते. पानिपतावर आपल्याकडे बखरी झाल्या, त्या हरलेल्या बाजूच्याच. जर्मन संगणकाने मात्र तो सारथीही मारून टाकला आहे.

हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. ‘ओगेम’ हाही जर्मन खेळच. त्यात लढाई फार तर सहा फेऱ्या चालते. तोवर दोन्ही बाजू उरल्या तर सामना अनिर्णित आणि हल्लेखोराचा ताफा घरी परततो. तेव्हा टोळ्यांच्या युद्धातही सैन्य पाठवतानाच हानीची मर्यादा ठरवता यावी: एवढे पडले की मागे फिरा. पाठलागात आणखी काही मरू द्यावेत, लूट मिळू नये, परतीला दुप्पट वेळ लागावा. यामुळे बलाढ्यांचे सैन्य फार वाचेल, अशी शंका कुणी घेईल. मग पायदळाला माघार महाग आणि घोडदळाला स्वस्त ठेवावी, म्हणजे सैन्याची निवड करतानाच विचार करावा लागेल. आणि एवढे जमत नसेल तर निदान शंभरातले पाच परत यावेत, त्यांनी तट किती उंच होता आणि आत कोण होते ते सांगावे. नशिबाचे २५ टक्के आहेत तिथेच राहू द्यावेत.